बिनटाक्याची फुलं

"दार लावून घेतलंस म्हून सुईला काय कळायचं न्हाई व्हय? आज वर्साचा पैला दिस हाय, श्वानलावच्या आई. सुई न्हाई म्हंजी न्हाई."

"दोन टाकं गं छियाओ. दोनच घाल. कोन बगतंय हितं?"

"तू बगतीयास की. आन् तुज्या तोंडाला कुलूप लागल्यालं मी अजून तरी बगितल्यालं न्हाई."

श्वानलावच्या आईनं हातातलं गाठोडं, चुलीच्या धुरानं खालून तापणाऱ्या झोपायच्या ओट्यावर ठेवलं आणि त्यावर दोन्ही हात दाबून उभी राहिली. आत कोंबडी असावी आणि हात काढला की पळावी, अशी. वर्षाच्या पहिल्या दिवशी कुणी कुणाकडं गेलं तर आधी चार शुभ शब्द बोलायचे, मूठभर भुईमुगाच्या शेंगा खिशात घ्यायच्या, मग दुसऱ्या घरी जायचं. ही बाई उंबरा ओलांडल्याबरोबर मागं वळून कडी घालायला लागली, तेव्हाच छियाओनं ओळखलं होतं की हे शेंगा खायला आलेलं माणूस नव्हे.

"हात काड," छियाओ म्हणाली. "बगू तर दे काय मारून आनलंयस ते."

गाठोड्यातून लाल बंडी निघाली. कापूस भरलेली, उभ्या गळ्याची, उजव्या काखेकडं वळत जाणाऱ्या पुढच्या पल्ल्याची. सरत्या महिन्यात छियाओनं गावाला जेवढ्या बंड्या शिवल्या त्यातली ही शेवटची, आणि तिच्या मते सगळ्यांत नीट बसलेली. श्वानलावच्या आईची नवी सून लामेइ, तिची. आज सकाळी पोरीनं ती पहिल्यांदा अंगात घातली असणार. आणि डाव्या छातीवर भोक होतं. मोठं नाणं बसेल एवढं. कडा काळ्या, आतला कापूस भाजून पिवळा पडलेला.

छियाओनं बंडी उचलून काचेऐवजी कागद लावलेल्या खिडकीजवळ नेली, उजेडाकडं धरली, नाकाशी नेली.

"उदबत्ती," ती म्हणाली.

"उदबत्तीच. सकाळी पूर्वजांच्या नावांच्या पटाफुडं डोकं टेकीत हुती. धांदरट पोरगी. सांगून सांगून थकले, पर ध्यान कुटं असतंय? सोताचीच उदबत्ती सोताच्या अंगाला लावून घितली."

छियाओनं भोकाच्या कडेवरून अंगठ्याचं नख फिरवलं. एकदा वरून खाली, एकदा खालून वर.

"हां," ती म्हणाली. एवढंच.

आता घोर कशाचा होता ते लियूपो गावात कुणाला सांगावं लागत नव्हतं. उद्या दुसरा दिवस. दुसऱ्या दिवशी लग्न झालेल्या लेकी नवऱ्याला घेऊन माहेरी जातात, आणि लामेइचं हे पहिलंच वर्ष. तिचं माहेर वेइ नदीच्या पलीकडचं तुआनचिया. मधल्या माणसानं सोयरीक जुळवली तेव्हापासून तिच्या आईच्या मनात अढी होती. लियूपोची माणसं चिकट, सासू तोंडाळ, असं तिच्या कानावर गेलेलं. लग्नाच्या दिवशी लेकीला वाटेला लावताना ती बाई शंभर माणसांत म्हणाली होती, "लेक दिली तुमास्नी. कशी ठेवलीया ते मी तोंडानं इचारायची न्हाई. नव्या वर्साच्या दुसऱ्या दिशी अंगावर काय घालून येती ते बगीन, मंग मला कळंल." हे बोलणं वऱ्हाडाबरोबर नदी ओलांडून आलं आणि शेंगांच्या टरफलांसारखं गावभर झालं. त्यात लामेइला तीन भाऊ. तिघं वीटभट्टीवर कामाला, तिघांच्या हाताचे पंजे फावड्यासारखे.

लग्नातली बंडी घालून धाडावी तर लोक म्हणणार, सासरच्यांनी वर्षभरात सुनेला एक कपडा केला नाही. रोजची निळी घालून धाडावी तर त्याहून वाईट. वरून कोट चढवावा तर माहेरच्या तापलेल्या ओट्यावर बसल्यावर तो काढावा लागणारच. आणि भोक पडलेली घालून धाडावी, तर पूर्वजांच्या उदबत्तीनं वर्षाच्या पहिल्या सकाळी जळालेला कपडा. सासरच्या पितरांनीच पोरीला नाकारलं, असं म्हणायला तुआनचियाच्या बायकांना किती वेळ लागणार?

"तू शिवलीयास," श्वानलावची आई म्हणाली. आता तिचा आवाज उतरला होता. "तूच कायतरी कर. गावात तुज्याबिगर कोन हाय?"

हे मात्र खरं होतं.

मेंगांची छियाओ लियूपोत लग्न होऊन आली तेव्हा तिला साधी नाडी घालता येत नव्हती. तिची सासू मात्र नदीच्या दोन्ही काठांना नावाजलेली शिवणकरीण. दुष्काळ असो की सुगी, सरत्या महिन्यात सासूला बोलावणी यायची. ती घरोघर जायची, त्या घरच्या ओट्यावर मांडी घालून बसायची, घरातल्या सगळ्यांचे कपडे होईपर्यंत त्यांच्याच चुलीवरचं जेवायची, मग पुढल्या घरी. सुनेला तिनं शिकवलं असं काही नाही. ती फक्त म्हणायची, "माज्या डाव्या हाताला बस, आन् बोलू नगंस." छियाओ बसली. पहिलं वर्ष दोरे ओवले, दुसरं वर्ष कापूस पसरला. कापूस पसरणं म्हणजे काय हे ज्याला कळलं नाही, त्याला बंडी कळली नाही, असं ती अजून म्हणते. खांद्यावर पातळ, पाठीवर जाड, काखेत जवळजवळ नाहीच. नाहीतर माणूस हात फाकवून बदकासारखं चालतं.

नवरा तरुणपणीच गेला, कालव्याच्या खोदाईवर, दरड अंगावर येऊन. सासू त्यानंतर दोन हिवाळे जगली. एकुलता मुलगा उत्तरेला कोळशाच्या खाणीत, यंदा त्याला रजा मिळाली नव्हती. पण छियाओला कुणी एकटी म्हटलेलं चालत नाही. "एकटी कुटली? सगळं गाव माज्या हाताखालनं जातंय. मापं ठावं हायती एकेकाची."

आणि ती खरोखर ठाऊक होती. फीत तिनं कधी वापरली नाही. माणूस दारातून आत आलं की ती एकदा वरून खाली बघायची आणि म्हणायची, "कडंला बस." झालं माप. पोट सुटलं असेल तर तोंडावर सांगायची, बाळंतपण जवळ आलं असेल तर सांगायच्या आधीच पल्ला रुंद ठेवायची. लहान पोरांच्या बाह्यांना आत एवढी दुमड ठेवायची की पोर तीन हिवाळे वाढलं तरी उसवून खाली सोडता यावी. उरलेल्या कापडाचा तुकडा, मग तो बोटभर का असेना, गुंडाळून ज्याचा त्याला परत. या बाबतीत तिच्यावर कुणी कधी बोट ठेवलं नाही.

कपडा अंगात असताना टाका घालायचा असेल तर मात्र तिचा एक कायदा. अंगात असताना शिवलं की त्या माणसावर चोरीचा आळ येतो, म्हणून त्यानं तोंडात गवताची काडी धरायची, आणि टाका पुरा होईपर्यंत बोलायचं नाही. गावच्या कारभाऱ्याचं बटण एकदा भर सभेच्या तोंडावर तुटलं. छियाओनं त्याला उभा केला, दाताखाली काडी दिली आणि गळ्याशी बटण लावायला घेतलं. लोक जमलेले, कारभाऱ्याला सूचना द्यायच्या होत्या, तो नुसता हूं हूं करत होता. एक बटण लावायला तिनं त्या दिवशी जेवढा वेळ घेतला तेवढ्यात तिनं एरवी अर्धी बाही शिवली असती. तेवढ्यात लोकांनी विहिरीच्या पाळीचं भांडण आपसांत मिटवूनही टाकलं. कारभारी नंतर म्हणाला, यापुढं प्रत्येक सभेला छियाओ काकीला बोलवा.

तर अशी बाई. आणि तिच्यापुढं जळकी बंडी.

"सुई मी काडायची न्हाई," छियाओ पुन्हा म्हणाली, पण आता ती ओट्यावर मांडी घालून बसली होती. "पाचवा दिस उजाडूस्तवर न सुई न कात्री. लाल फडक्यात बांदून ज्वारीच्या कणगीत खाली घातलीया दोनी."

"तुला बी खरं वाटतंय का गं? सुई धरली तर डोळं जात्यात म्हून?"

"माज्या वाटण्याचं काय घिऊन बसलीस. उद्या मी टाका घालीन. फुडं वर्सभर ह्या गावात ज्याच्या डोळ्याला रांजणवाडी हुईल, ज्याच्या म्हशीच्या डोळ्यात फूल पडंल, त्यो माज्या दारात यिऊन हुबा ऱ्हाईल. तवा तू येशील का सांगाया, की माज्या सुनंसाठी घातला टाका?"

श्वानलावची आई ओट्याच्या कडेला टेकली.

"आन् दुसरं म्हंजी," छियाओ बोटं पुढं करून म्हणाली, "ही बग. वर्सभर टोचून घेत्यात. बायकास्नी हे चार दिस कुणी दिलं ते ठाव न्हाई, पर ज्यानं दिलं त्याला बायकू असनार."

तिच्या बोटांची टोकं खरोखर दळण्याच्या दगडासारखी टाकी मारलेली होती. त्या बोटांनी ती बोलता बोलता काम करायलाही लागली होती. श्वानलावच्या आईच्या ते ध्यानात यायला थोडा वेळ लागला. अंगठ्याच्या नखानं तिनं भोकाची काळी कड खुडून काढली, जिथं कापड अजून जिवंत होतं तिथपर्यंत. आतला भाजलेला कापूस दोन बोटांच्या चिमटीत धरून ओढला. ओट्याच्या कोपऱ्यात तिची कापसाची पिशवी होती; त्यातला पिंजलेला पुंजका घेऊन, फुंकून फुलवून, तिनं भोकातून आत सारला आणि करंगळीनं चारी बाजूंना पसरला. काळी राख आणि धागे जमिनीवर पडले. ते तिथंच राहणार होते. केरही आज बाहेर टाकायचा नव्हता.

"तुज्या गाठोड्यात तुकडा हाय न्हवं? मी उरल्यालं परत दिलं हुतं."

"हाय, हाय. घिऊनच आले." श्वानलावच्या आईनं कमरेच्या पट्ट्यातून लाल तुकडा काढला. मग थबकली. "पर कात्री..."

छियाओनं तुकड्याचा एक कोपरा दातात धरला आणि टर्रकन फाडला.

"फाडायला कुनी बंदी घातल्याली न्हाई."

नव्या वर्षाचे लाल शुभकागद दारावर चिकटवून उरलेली खळ चुलीजवळ वाडग्यात अजून होती, वर साय धरलेली. छियाओनं त्यात गरम पाणी घालून काडीनं घोटली. जेवायच्या काड्यांची एक जोडी घेतली. फाटका तुकडा एका बाजूनं खळीत भिजवला, गुंडाळीसारखा गुंडाळला, भोकातून आत घातला, आणि आत गेल्यावर काड्यांनी उलगडला. वरच्या कापडाच्या खालच्या अंगाला तो सगळीकडून चिकटून बसला. तळहातानं दाबला. आता भोकात कापसाऐवजी लालच लाल दिसत होतं.

श्वानलावची आई वाकून बघत होती. "जमलं की गं."

"काय जमलं? आंदळ्याला जमलं. कड दिसतीया. तुज्या विहिणीला डोळं हायत का न्हाईत?"

कड दिसत होती. लाल पाण्यात खडा पडावा तसा एक वर्तुळाचा वळ. छियाओनं बंडी मांडीवर ठेवली आणि काही वेळ तिच्याकडं नुसती बघत राहिली. मग उठली, भिंतीशी रांगेनं मांडलेल्या लोणच्याच्या बरण्यांकडं गेली, मागच्या रांगेतली एक रिकामी बरणी पुढं ओढली आणि कोपरापर्यंत हात आत घातला.

तेलकट कागदाची पुडी निघाली. तिच्यात दोन फुलं होती. कापडाची बारीक पट्टी खळीनं कडक करून, आत तांब्याची तार घालून, वळवून वळवून केलेली गाठीची बटणं. पण बटण कसलं, शेवंतीच. पाकळ्या एकमेकींत गुंतलेल्या, मध्यभागी पिवळ्या रेशमाचा ठिपका. लाल रंग थोडा विटला होता, त्यामुळं उलट तो बंडीच्या लालापेक्षा गहिरा दिसत होता.

श्वानलावच्या आईनं हात पुढं केला आणि लावायच्या आधीच मागं घेतला. "ही कंदीची?"

"माज्या लग्नातली. सासूनं केल्याली."

मधली काही वर्षं अशी होती की फुलाच्या बटणांना गावात जागा नव्हती. जुन्या जमान्याचा कचरा मोडा असा वरून हुकूम आला म्हणून ती लोकांनी अंगावरून उतरवली, आणि उतरवायला कात्री कुणाची? छियाओचीच. घरोघरची फुलं तिनं उसवून दिली, ती ढिगात गेली, ढीग पेटला. तिची लग्नातली बंडी तिनं निळ्या रंगात बुडवली, उसवली आणि मुलाच्या दोन चड्ड्या केल्या. ही दोन फुलं तेवढी बरणीत गेली, वरून लसूण. पुढं दिवस पालटले, कापडाची रेशनची कूपनं गेली, बाजारात लाल रंग आला, बायका पुन्हा फुलं मागायला लागल्या आणि छियाओ पुन्हा वळायला लागली. पण ही दोन तिनं कुणाला दाखवली नव्हती. अशी तिला स्वतःलाही वळता येत नव्हती. सासूच्या बोटांत काय होतं ते सासूबरोबर गेलं, हे ती बिनदिक्कत कबूल करायची.

"एक फूल भोकावर," छियाओ बंडीवर अदमास घेत म्हणाली. "आन् दुसरं हितं, पल्ला वळतुया तितं. येकच लावलं तर ठिगळ. दोन लावली तर नक्षी."

"आगं पर तुजी ही..."

"बरनीत कुनासाठी ठिवू? लसनासाठी?"

तिनं फुलाच्या पाठीला खळ लावली. आणि मग, हात तसाच अधांतरी ठेवून, श्वानलावच्या आईकडं बघितलं.

"येक इचारू? सकाळी पटाफुडं पोरगी गुडघ्यावर हुती न्हवं?"

"मग? हुबी ऱ्हाऊन का कोन डोस्कं टेकतं?"

"तिच्या हातात उदबत्ती असती तर निखारा खालनं लागला असता. बाही जळाली असती, न्हाईतर पोटाला. ह्यो वरनं लागलाय. उजव्या अंगानं, तिरपा. कापूस खालच्या बाजूला जास्त भाजलाय, ठिनगी वरनं पडून आत घसरत गेलीया. कोनतरी तिच्या बाजूला हुबं हुतं. उदबत्ती हातात, आन् ध्यान दुसरीकडं."

बाहेर पोरं फटाके फोडत होती. श्वानलावच्या आईनं खिडकीकडं बघितलं. तिचा चेहरा आधीच थंडीनं लाल होता, तो आणखी लाल झाला की नाही ते सांगणं अवघड होतं.

"पटावर माज्या सासऱ्याचं नाव वाचीत हुते," ती शेवटी म्हणाली. "श्वानलावला दावीत हुते. हात खाली आला कंदी ते कळलंच न्हाई."

"आन् पोरगी काय म्हनली?"

"कायच न्हाई. ईझवली तिनं चिमटीनं. माज्याकडं बगितलं बी न्हाई."

"आन् तू काय म्हनलीस?"

गावाला ते माहीत होतं. सकाळपासून चार घरांत श्वानलावची आई सुनेचा धांदरटपणा सांगून आली होती.

"मंग ऐक," छियाओ म्हणाली. "खळ मी लावते. फुलं मी देते. पर ही बंडी तू सोता सुनंच्या हातात दे, आन् कुनाच्या हातानं जळाली ते तोंडानं सांग. लेकाच्या देखत. तेवडं करनार नसशील तर ही घे तुजी बंडी, आन् घाल तिला तशीच नदीपल्याड."

"सासूनं सुनंफुडं..."

"मी काय पाया पड म्हनले का? सांग म्हनले."

फुलाच्या पाठीवरची खळ वाळायला लागली होती. श्वानलावच्या आईनं ते बघितलं.

"लाव," ती म्हणाली. "सांगते."

छियाओनं फूल ठेवलं. एकेक पाकळी बोटाच्या टोकानं दाबत गेली, मधून बाहेर, जशी करंजीची कड मुडपतात तशी. मग दुसरं. मग चुलीजवळची वीट फडक्यात गुंडाळून आणली, हाताच्या पाठीला लावून बघितली आणि फुलांवर हलकेच ठेवली. बंडी ओट्याच्या गरम बाजूला ठेवून दोघी बायका तिच्या दोन बाजूंना बसल्या. वाळायला वेळ लागणार होता. छियाओनं शेंगांची परात पुढं सरकवली.

"आता खा," ती म्हणाली. "आता आलीस तू नव्या वर्साची भेटाया."

दुसऱ्या दिवशी सकाळी छियाओ दारात उभी होती. कुणाला बघायला नाही, कोंबड्यांना दाणे टाकायला, असं ती विचारलं असतं तर म्हणाली असती. श्वानलाव सायकल ढकलत निघाला. मागच्या बाजूला वाफवलेल्या पावांची टोपली, प्रत्येक पावावर लाल ठिपका. पाठोपाठ लामेइ. बर्फ पडून गेलेल्या पांढऱ्या वाटेवर ती लाल बंडी नदीपर्यंत दिसत होती. फुलं एवढ्या लांबून दिसायचं कारण नव्हतं. छियाओ मात्र तिच्या चालण्याकडं बघत होती. हात मोकळे हलत होते. काखेत कापूस बरोबर पडला होता. तिनं उरलेले दाणे झटकले आणि आत गेली.

मग तीन दिवस काही कळलं नाही. छियाओ लोकांकडं गेली, लोक तिच्याकडं आले. बिनकामाच्या हातांचं काय करायचं ते तिला कधीच कळलेलं नव्हतं. बोलता बोलता ती शेजारणीच्या बाहीची सुटलेली दशी वळायला लागायची आणि शेजारीण तिच्या हातावर चापट मारायची.

पाचव्या दिवशी पहाट फुटल्याबरोबर गावभर फटाके वाजले. घरोघर साठलेला केर निघाला, उंबऱ्याबाहेर गेला. छियाओनं रुंद शेवया केल्या, वर तिखटाचं तेल ओतलं, वाडगं रिकामं केलं. मग कणगीत हात घालून लाल फडकं काढलं. सुया मोजायची तिला सवय नव्हती. ती त्या नुसत्या डोक्यावरच्या केसांतून एकेक फिरवून बघायची. पहिली सुई केसांतून फिरत असतानाच दारात लामेइ उभी राहिली. अंगात तीच बंडी.

"काकी, सुई निगाली का?"

"निगाली. ये वर. कडंला न्हाई, हितं उजेडाला."

लामेइ ओट्यावर चढली. तिच्या हातात कापडाची पिशवी होती, ती तिनं छियाओपुढं ठेवली. "आयनं दिलाय. गेल्या सुगीचा कापूस. तुमास्नी द्यायचा म्हनली."

छियाओनं पिशवीत हात घालून पुंजका काढला, ओढून धागा किती लांब निघतो ते बघितलं. "चांगला हाय. काय म्हनली आय?"

"दारात काय बी म्हनली न्हाई. ओट्यावर बसले तवा आली, आन् अंगठा फिरवला फुलावरनं. असा, खालनं. टाका लागतुया का बगत हुती." लामेइनं स्वतःच्या छातीवरच्या फुलाखाली अंगठा फिरवून दाखवला. "टाका न्हाई म्हनल्यावर तिला कळलं. भाऊ बी हुबं ऱ्हायलं हुतं दारात. म्हनली, काय झालं सांग."

"आन् तू काय सांगितलंस?"

"झालं तेच. सासूच्या हातनं लागली म्हनले. त्यांनीच सांगितलं मला, निगायच्या आदी, अंगनात, ह्यांच्या देखत. आन् वर्साच्या पैल्या दिशी सोता लोकाच्या दारात जाऊन दुरुस्त करून आनली. सुई न लावता."

"मंग?"

"आय भावाला म्हनली, पावन्याला तिखाट कमी घाला शेवयांत, त्याच्या डोळ्याला पानी आलंय." लामेइ हसली. "तिखाटानं न्हवतं आलं ते. माज्या नवऱ्याचं. भ्याला हुता त्यो."

छियाओ तोंडावर हात न ठेवता हसली. तिचे पुढचे दोन दात दोरे तोडून तोडून झिजलेले होते आणि तिला त्याचं काही वाटत नव्हतं.

"मला ठावं हुतं," लामेइ हळू आवाजात म्हणाली. "कुनाच्या हातनं लागली ते. मी काय बोलनार न्हवते. पर त्यांनी सांगितलं."

छियाओनं दोरा ओवला. फुलाची एक पाकळी कडेला थोडी सुटायला लागली होती. खळ किती दिवस धरणार. बंडी उतरवायला सांगावी तर बाहेर गारठा आणि आत पोरगी नुसत्या सदऱ्यावर. तिनं ओट्याच्या फटीतून गवताची एक काडी ओढली आणि लामेइपुढं धरली.

"काकी, ही फुलं तुमच्या लग्नातली हायत म्हून सासूबाय म्हनत हुत्या. मी ती..."

"काडी धर."

"आदी मला येक म्हनायचंय..."

"काडी धरल्याबिगर मी अंगावरच्या कपड्याला हात लावत न्हाई. उद्या चोरीचा आळ आला तर तुजं तीन भाऊ माज्या दारात."

लामेइनं काडी दातात धरली. डोळ्यांनीच काहीतरी म्हणत बसली. छियाओनं तिकडं बघितलं नाही. तिनं डाव्या हाताचा अंगठा फुलाखाली घातला, सुई पाकळीच्या आतल्या वळणातून अशी काढली की वरून टाका दिसू नये, आणि दोरा ओढला. खळीनं कडक झालेल्या कापडातून सुई जाताना करकर वाजत होती. वर्षाचा पहिला टाका. मग दुसरा.

दारात सावली पडली. शेजारचा म्हातारा झुआंग, बगलेत उसवलेली बंडी घेऊन, थंडीनं पाय आपटत. "सुई निगाली का, छियाओ?"

"निगाली. कडंला बस," ती मान वर न करता म्हणाली, "आन् दार लावून घे, कापूस उडतुया."